ढेकर थांबत नाहीत? आधी तो कुठून येतोय ते ओळखा

माझ्या मावशीने पाच वर्षं ढेकरांचा त्रास काढला. मालवणपासून आत, खाडीच्या काठाला तिचं घर. दिवेलागण झाली की ढेकर सुरू व्हायचे. कोरडे, मोठ्या आवाजाचे, एकामागून एक, ते थेट अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत. "पोटात वारो भरलो हा," म्हणायची, आणि तो बाहेर पडावा म्हणून मान पुढे काढून, जोर लावून आणखी ढेकर काढायची. आधी काळे वाटाणे सोडले, मग फणस, मग चवळी. शेवटी रात्रीचं जेवण पेजेवर आलं. अंग उतरलं, ढेकर होते तिथेच राहिले. दुर्बिणीची तपासणी झाली, जठरात काही सापडलं नाही.

मग एका एकादशीला देवळात भजन होतं. मावशी दोन तास टाळ घेऊन गात होती आणि त्या दोन तासांत तिला एकही ढेकर आला नाही. भजन संपलं, चहा आला, आणि पाच मिनिटांत पुन्हा सुरू. मी शेजारीच बसले होते. पोटात खरंच तेवढा वारा कोंडला असता तर गाताना तो गेला कुठे, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा पडला. त्याचं उत्तर वैद्यकशास्त्राकडे आहे, ते सोपं आहे, आणि ते कळल्यावर उपायांची दिशाच बदलते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

त्याआधी एक गोष्ट, जिला थांबायला वेळ नाही

छातीत दाब, आवळल्यासारखं वाटणं, घाम सुटणं, दम लागणं, दुखणं डाव्या हातात, जबड्यात, पाठीत किंवा खांद्यात जाणं, यांपैकी काही असेल तर ढेकर येतोय म्हणून "गॅस आहे" असं ठरवू नका. हृदयविकाराच्या झटक्यातही मळमळतं, पोटाच्या वरच्या भागात जळजळतं, ढेकर येतात. बायकांमध्ये, म्हाताऱ्या माणसांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत फारसं न दुखता नुसता थकवा, धाप आणि पोटातली अस्वस्थता एवढंच दिसू शकतं.

आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते मी घरात पाहिलंय. ओव्याचं पाणी दिलं जातं, पाठ चोळली जाते, सोडा पाजला जातो, आणि ढेकर आला की सगळ्यांना हायसं वाटतं. त्यात तास जातो. वाडीतून मुख्य रस्त्यावर यायला अर्धा तास, तिथून ईसीजी निघेल अशा ठिकाणी पोचायला आणखी वेळ. कोकणात अंतरं अशी आहेत की घरी वाट पाहण्याचा एक तास परवडत नाही. १०८ ला फोन करा. ईसीजी नीट निघाला आणि नुसता गॅस ठरला, तर त्यात काहीच बिघडलेलं नाही.

ढेकर दोन ठिकाणांहून येतो

पहिला जठरातून. प्रत्येक घोटाबरोबर, घासाबरोबर थोडी हवा आत जातेच. ती जठराच्या वरच्या भागात साठते. तो भाग ताणला गेला की मेंदूकडे निरोप जातो आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप काही सेकंद सैल होते. हवा वर येते. हा खरा ढेकर. दिवसाला तीसपर्यंत असे ढेकर येणं निरोगी माणसालाही साहजिक आहे, आणि जेवणानंतरचा तृप्तीचा ढेकर यातलाच.

दुसरा जठरापर्यंत गेलेलाच नसतो. माणूस नकळत छाती किंवा मानेचे स्नायू अशा रीतीने वापरतो की तोंडातून हवा अन्ननलिकेत ओढली जाते आणि एका सेकंदाच्या आत, जठरात न उतरताच, बाहेर ढकलली जाते. सुरुवात बहुधा खऱ्या अस्वस्थतेने होते. पोट फुगल्यासारखं वाटतं, छातीत अडकल्यासारखं वाटतं, ढेकर काढला की क्षणभर बरं वाटतं, आणि शरीर ती युक्ती शिकून घेतं. पुढे ती सवय आपोआप चालते. मिनिटाला वीसपर्यंत असे ढेकर येऊ शकतात. यात माणूस ढोंग करत नसतो. पापणी लवते तसंच ते त्याला कळत नाही. घरच्यांनी "मुद्दाम करतेस" म्हणणं चूक आहे, आणि त्याने त्रास वाढतो, कारण ताण वाढला की हे ढेकरही वाढतात.

झोपेत, बोलताना, गाताना, मन दुसरीकडे गुंतलेलं असताना हा दुसरा ढेकर थांबतो. मावशीचं भजन म्हणजे नेमकं हेच होतं.

आता एक लक्षात घ्या. दुसऱ्या प्रकारात ढेकर काढल्याने पोटातली हवा कमी होतच नाही, कारण ती तिथली नव्हतीच. उलट ओढलेल्या हवेतली थोडी कधीकधी खाली जठरातही निसटू शकते. म्हणजे "सगळा काढून टाकू" म्हणून जितका जोर लावावा तितकी ही सवय घट्ट होते. ढेकर अडवू नये हे आपण आयुर्वेदाच्या नावाने ऐकत आलो, पण तिथेच वेग जबरदस्तीने आणू नये असंही सांगितलंय. ते दुसरं वाक्य घराघरात पोचलं नाही.

चार दिवसांची वही

काहीही सोडण्याआधी, काहीही घेण्याआधी, चार दिवस फक्त लिहा. प्रत्येक ढेकर मोजायचा नाही, मोजत बसल्याने लक्ष तिकडेच जातं आणि ढेकर वाढतात. दिवसाचे सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार भाग करा आणि "कमी, मध्यम, खूप" एवढंच टाका. त्याबरोबर हे:

- झोपेतून ढेकराने जाग येते का?
- बोलताना, गाताना, कामात असताना थांबतात का?
- जेवणानंतर तासभर येतात की उपाशीपोटीही येतात?
- कोरडे आहेत, की आंबट पाणी, करपट चव, अन्न वर येतं?
- एकेकटे येतात की माळ लागते?
- त्या आधीच्या तासाभरात काय खाल्लं, काय प्यायलं, कसं प्यायलं?

माळ लागत असेल, कोरडे असतील, झोपेत नसतील, बोलताना थांबत असतील, तर बहुतेक दुसरा प्रकार. जेवणानंतर एकेकटे येत असतील तर पहिला, आणि त्यात गिळलेल्या हवेचा वाटा मोठा. आंबट-करपट असतील, आडवं झाल्यावर घशाशी येत असेल, तर आम्लपित्त. एकाच माणसात दोन्ही-तिन्ही असू शकतात, हे गृहीत धरूनच वही वाचा.

गिळला जाणारा वारा

इथे आपल्या किनाऱ्यावरच्या काही सवयी मुद्दाम पाहण्यासारख्या आहेत. तांब्या ओठांना न लावता वरून पाणी ओतून पिणं ही आपली स्वच्छतेची जुनी रीत. चांगली आहे, पण धार पडत असताना घटाघटा गिळावं लागतं आणि प्रत्येक घोटाबरोबर हवा जाते. ज्याला ढेकरांचा त्रास आहे त्याने स्वतःचं भांडं वेगळं ठेवावं आणि बसून, ओठ लावून, लहान घोटांनी प्यावं. माझ्या अनुभवात हा एवढा बदल बऱ्याच जणांना पहिल्या आठवड्यात जाणवतो.

तसंच बशीतला चहा फुर्रकन ओढणं, पेज भुरकणं, सोलकढी ओरपणं. चव त्यातच आहे हे मला मान्य आहे, आणि कायमचं सोडा असं मी सांगणार नाही. दोन आठवडे चहा कपातून, कोमट झाल्यावर प्या. पेज चमच्याने खा. मग वहीत फरक दिसतो का पाहा.

आंब्याच्या हंगामात बागेत काम करणारे, जाळी ओढून आलेले खलाशी, एसटी पकडायची असलेली माणसं दहा मिनिटांत ताट संपवतात. बकाबका खाण्यात हवा जाते आणि पोट एकदम ताणलं जातं, म्हणजे दुहेरी कारण. जेवण वीस मिनिटांवर न्या. घास तोंडात असताना बोलू नका. माशाचे काटे काढत सावकाश जेवणाऱ्याला हे आपोआप जमतं. आमटी-भात कालवून जेवणाऱ्याला ठरवून करावं लागतं.

दातांची कवळी सैल असेल तर लाळ जास्त सुटते आणि सतत आवंढे गिळले जातात. दंतवैद्याकडून ती बसवून घ्या. पावसाळ्यात नाक चोंदतं आणि माणूस तोंडाने श्वास घेत जेवतो, तेव्हा जेवणाआधी वाफ घ्या. पान, सुपारी, तंबाखू, च्युइंगगम, चघळायच्या गोळ्या यांनी दिवसभर गिळणं चालू राहतं. विडी-सिगारेटच्या प्रत्येक झुरक्याबरोबर हवा गिळली जाते. मिश्रीनेही गिळणं चालू राहतं, आणि मिश्री तंबाखूच आहे. ती सोडायला फक्त ढेकर हेच कारण नाही, तोंडाचा कर्करोग हे त्याहून मोठं कारण आहे.

ताटातलं काय काढायचं आणि काय उगाच काढलं जातं

मावशीने वाटाणे सोडले ते चुकीचं होतं, आणि ही चूक घरोघरी होते. काळे वाटाणे, वाल, चवळी, कुळीथ यांतल्या काही शर्करा आपल्याला पचवता येत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्यांच्यावर काम करतात आणि वायू तयार होतो. तो तिथून खालच्या वाटेने जातो. मोठ्या आतड्यातून उलटा प्रवास करून तो तोंडाशी येत नाही. कडधान्यांनी पोट फुगेल, गुडगुडेल, वारा सरेल. ढेकरांची माळ त्यांच्यामुळे लागत नाही. फुगण्याचाच त्रास असेल तर रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्या, मोड आणा, मऊ शिजवा, प्रमाण निम्मं करा. फणसाच्या गऱ्यांचंही तसंच. पाच-सहा गरे खाणं आणि अख्ख्या बरक्या फणसावर दुपार काढणं यांत फरक आहे.

ढेकरांसाठी खरोखर कमी करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे बुडबुड्यांची पेयं: गोटी सोडा, कोकम सोडा, लिंबू सोडा, बाटलीतली थंड पेयं, बिअर. त्यांतला वायू थेट जठरात सुटतो. कोकमाचं साधं सरबत चालेल, सोडा घातलेलं नको. दुसरी म्हणजे एका वेळी फार आणि फार तेलकट. कोंबडी-वडे, तळलेली कोळंबी आणि वर नारळाच्या दाट रसातली आमटी असं जेवण झालं की स्निग्धतेमुळे जठर सावकाश रिकामं होतं, ते ताणलेलं राहतं आणि झडप वारंवार सैल पडते. वडे खाऊ नका असं नाही. दोन खा, दुपारी खा, आणि त्या दिवशी रात्री पेज किंवा मऊ भात ठेवा.

दूध प्यायल्यावर दोन तासांत पोट फुगून जुलाब होत असतील तर दुधातली साखर पचत नसावी. आठवडाभर दूध बंद करून पाहा. दही-ताक बहुतेकांना चालतं.

सोडा आणि फसफसणारी पुडी

ग्लासभर पाण्यात पुडी टाकली, प्यायलं, मोठा ढेकर आला, "सुटला गॅस". घराघरातला हा अनुभव. पण तो ढेकर त्या पुडीचाच असतो. खाण्याचा सोडा जठरातल्या आम्लाशी भिडला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तोच वर येतो. आम्लाची जळजळ थोडा वेळ शमते हे खरं, पण कोंडलेला वारा बाहेर पडला ही समजूत खरी नाही. आणि ढेकर आला की बरं वाटतं ही गाठ मनात आणखी घट्ट होते, जी आपल्याला सोडवायची आहे.

अर्धा चहाचा चमचा सोड्यात सुमारे ६०० मिलिग्राम सोडियम असतं. प्रौढ माणसाने दिवसभरात २००० मिलिग्रामच्या आत राहावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुकी मासळी, लोणचं, पापड आपल्या जेवणात आधीच आहेत. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने रोज सोडा घेणं धोक्याचं आहे. कधीतरी एखादी पुडी घेतल्याने काही होत नाही. रोज रात्री लागत असेल तर तो डॉक्टरांना सांगायचा विषय झाला.

ओवा, बडीशेप, हिंग चिमूटभर घ्यायला हरकत नाही. पुदिन्याचं तेवढं जपा: त्याने झडप सैल होते, म्हणून जळजळ असणाऱ्यांनी तो टाळावा.

श्वासाचा सराव

दुसऱ्या प्रकारच्या ढेकरावर औषधांपेक्षा हाच उपाय जास्त उपयोगी पडतो. पोटाने श्वास घेताना श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, सावकाश वर-खाली होतं आणि त्या लयीत हवा अन्ननलिकेत ओढण्याची ती झटक्याची हालचाल करताच येत नाही. शिवाय मन शांत होतं. पद्धत नीट पाळा, कारण चुकीच्या पद्धतीने केलं तर छातीच हलत राहते आणि उपयोग होत नाही.

पहिले तीन दिवस आडवं पडून करा. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, उशी पातळ. एक हात छातीवर, एक बेंबीच्या वर. तोंड किंचित उघडं ठेवा, ओठ सैल, आणि जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला हलकेच टेकवा. तोंड उघडं असलं की आवंढा गिळणं अवघड जातं, हे त्यामागचं कारण. आता नाकाने सावकाश श्वास आत घ्या, मनात चार मोजा. पोटावरचा हात वर यायला हवा, छातीवरचा जवळजवळ स्थिर. मग सहा मोजत श्वास सोडा, पोट आपोआप खाली बसू द्या. जोर लावायचा नाही, श्वास कोंडायचा नाही. चक्कर आली तर फार खोल घेताय, थोडा उथळ करा. पाच मिनिटं पुरे. सकाळी, दुपारी जेवणानंतर अर्ध्या तासाने, आणि संध्याकाळी. जेवणानंतरचा सराव मात्र टेकून बसून करा, पूर्ण आडवं पडून नको.

छाती हलतच राहिली तर पोटावर तांदळाची किलोभराची पिशवी ठेवा. ती वर उचलायची आहे एवढंच मनात धरा. मावशीला शब्दांनी समजेना, पिशवीने दोन दिवसांत समजलं.

चौथ्या दिवसापासून बसून, मग उभं राहून, मग चालताना. आठवडाभराने सराव खऱ्या वेळी वापरायचा. ढेकर येणार असं आधी जाणवतं: घशाशी गोळा येतो, मान पुढे जाते, छाती आवळते. ती चाहूल ओळखणं ही अर्धी लढाई आहे. आरशासमोर बसून किंवा घरच्या कोणाला मोबाईलवर चित्रण करायला सांगून पाहा, ढेकराच्या क्षणभर आधी आपण काय करतो ते दिसतं. चाहूल लागली की तोंड किंचित उघडं, जीभ टाळूला, आणि पोटाने दहा श्वास. पहिल्या काही दिवसांत मध्येच ढेकर येईलच. आला तर आला, पुढचा श्वास घ्या. घसा आवळून तो दाबायचा नाही.

यात किती वेळ लागतो? काही जणांना दोन आठवड्यांत फरक दिसतो, जुनी सवय असेल तर दोन-तीन महिने. एकट्याने जमत नसेल तर वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ शिकवतात. मानसोपचाराचं नाव काढलं म्हणजे दुखणं खोटं ठरत नाही. शिकलेली सवय मोडायला ती माणसं तयार झालेली असतात, इतकंच.

आंबट, करपट ढेकर असतील तर

रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. भजन, दशावतार बघून मध्यरात्री परतल्यावर जेवणं बंद, जाण्याआधी जेवा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचला. नुसत्या उशा रचल्याने पोट दुमडतं आणि उलटा दाब येतो. डाव्या कुशीवर झोपा. पोटावर नाडी किंवा पट्टा घट्ट नको. वजन जास्त असेल तर ते उतरल्याने खूप फरक पडतो.

आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या, ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायच्या असतात. जळजळ सुरू झाल्यावर घेतल्या की त्या कामाला येत नाहीत. महिनोन्महिने स्वतःच्या मनाने त्या चालू ठेवू नका. कंबरदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्याही आठवून पाहा. त्यांनी जठरात व्रण होतात आणि त्याचीच सुरुवात ढेकर-जळजळीने झालेली असू शकते.

डॉक्टरांकडे कधी, आणि काय सांगायचं

पुढचं काही दिसलं तर घरगुती प्रयोग थांबवून लगेच जा: गिळताना घास अडकणं, न ठरवता वजन उतरणं, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, डांबरासारखी काळी चिकट शी (लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, ते सांगा), सतत उलट्या, अंगात रक्त कमी होणं, पन्नाशीनंतर हा त्रास पहिल्यांदाच सुरू होणं, रात्री दुखण्याने जाग येणं, घरात कोणाला जठराचा किंवा अन्ननलिकेचा कर्करोग झालेला असणं. मधुमेह असलेल्याला काही तासांपूर्वी खाल्लेलं अन्न तसंच उलटून पडत असेल तर जठराची हालचाल मंदावलेली असू शकते.

सडक्या अंड्याच्या वासाचे ढेकर आणि जोडीला पातळ, दुर्गंधीचे जुलाब असतील तर जिआर्डिया नावाच्या परजीवीची शंका घ्या. पावसाळ्यात विहिरीत वरचं पाणी उतरतं तेव्हा तो संसर्ग होऊ शकतो. शौचाची तपासणी करून घ्या आणि पाणी खळखळून उकळा.

अजीर्ण, वरच्या पोटात दुखणं आणि ढेकर मिळून असतील तर डॉक्टर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची तपासणी सांगू शकतात. जठराच्या आम्लात राहणारा हा जिवाणू व्रणांचं मोठं कारण आहे. तो शोधल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. श्वासाची किंवा शौचाची तपासणी असते, पण आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे बंद असल्याशिवाय ती चुकीची "नाही" दाखवू शकते. तपासणीला जाण्याआधी हे डॉक्टरांना विचारून घ्या, नाहीतर गावाहून ओरोस, रत्नागिरी किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापर्यंतची फेरी फुकट जाते.

जाताना वही न्या, गोळ्यांची पाकिटं न्या, आणि "गॅस होतो" एवढंच सांगू नका. त्या एका शब्दात छातीतली जळजळ, पोट फुगणं, वारा सरणं आणि ढेकर हे चारही मावतात आणि चौघांचे उपाय वेगळे आहेत. "कोरडे ढेकर, संध्याकाळी माळ लागते, झोपेत येत नाहीत, गाताना थांबतात," असं सांगितलंत तर डॉक्टरांचं निम्मं काम झालं. ढेकर नेमका कुठून येतो हे खात्रीने पाहायचंच झालं तर नाकातून अन्ननलिकेत बारीक नळी घालून चोवीस तास नोंद घेणारी चाचणी मोठ्या शहरांत होते. बहुतेकांना तिची गरज पडत नाही.

मावशी आता वाटाण्याचं सांबारं खाते. संध्याकाळी तुळशीकडे दिवा लावून झाला की ओटीवर बसून पाच मिनिटं श्वास करते. गणपतीत पाहुण्यांची गर्दी, जागरणं आणि धावपळ झाली की ढेकर पुन्हा डोकं वर काढतात. तेव्हा ती पहिल्या दिवसापासून सुरू करते: आडवं पडून, तांदळाची पिशवी पोटावर ठेवून, दिवसातून तीनदा, आठवडाभर.